उकिरड्याचे पांग

‘उकिरड्याचेही बारा वर्षांनी पांग फिटतात’ ही म्हण आपण सगळ्यांनी शाळेत पाठ केली आहे. वाईट दिवस कायम राहत नाहीत, असा तिचा अर्थ बाईंनी सांगितला होता. मला ती शब्दशः पटली ती गेल्या वर्षी. ज्या ढिगाजवळून जाताना आपण नाक दाबायचो, तिथे आता पोरं मोबाइलवर व्हिडिओ पाहून टिकाव-फावडं घेऊन उतरतात. कशासाठी? जुन्या काचेच्या बाटल्यांसाठी. विलायतेत या बाटल्यांना म्हणे चांगली किंमत येते. म्हणजे उकिरड्याचे पांग खरोखरच फिटले म्हणायचे.

मीही उतरलो होतो. म्हणून हा लेख उपदेश म्हणून वाचू नका, कबुली म्हणून वाचा. माझं मत सुरुवातीलाच सांगतो. जुन्या बाटल्या शोधण्याचा छंद वाईट नाही. पण ज्या रीतीने आपण तो करतो, त्यात हाती बाटली येते आणि तिची गोष्ट कायमची जाते. आणि बाटलीपेक्षा गोष्ट महाग असते.

आता झालं काय ते सांगतो. माझं आजोळ देगलूर तालुक्यात, तेलंगणाच्या सीमेला लागून. मे महिन्याच्या सुट्टीत मामेभावाने मला एक व्हिडिओ दाखवला. इंग्लंडमधला कुणी माणूस शेताच्या कडेला खड्डा खणतो आणि एकामागून एक अख्ख्या बाटल्या बाहेर काढतो. भाऊ म्हणाला, “आपल्या वाड्यामागं बी जुना उकिरडा हाय की!” होताच. पडक्या भिंतीच्या पलीकडे, बाभळीखाली, कितीतरी वर्षं कुणी काही न टाकलेला ढीग. दोन दिवस सकाळी उन्हाच्या आधी आम्ही खणलं. कंदिलाच्या काचेचे तुकडे निघाले, बांगड्यांचे तुकडे निघाले, एक दौत निघाली. गोटीसोड्याच्या दोन बाटल्या निघाल्या, एक अख्खी आणि एक मान फोडलेली. आणि एका बाजूला, कमरेइतक्या खोलीवर, बोटाएवढ्या बारीक मानेच्या कितीतरी छोट्या बाटल्या. मोजल्या तर एकेचाळीस.

आम्ही आनंदाने नाचायचे तेवढे बाकी होतो. सगळ्या बाटल्या नळाखाली धरून, राखेने घासून लख्ख केल्या. फुटके तुकडे परत खड्ड्यात लोटले. ओसरीवर ओळीने मांडून फोटो काढला. हैदराबादला आल्यावर जुन्या सामानाच्या बाजारात एका दुकानदाराला सगळं विकलं. त्याने एकच प्रश्न विचारला, “कोई टूटा तो नहीं?” नऊशे रुपये मिळाले. त्यातले अर्धे आम्ही दोघांनी बिर्याणीवर उडवले. या बाटल्या कुठे सापडल्या, हे त्यानेही विचारलं नाही आणि आम्हालाही सांगावंसं वाटलं नाही.

विलायतेतला हा छंद आपल्याकडे जसाच्या तसा लागू पडत नाही, हे मला नंतर कळलं. तिथे एकोणिसाव्या शतकात घरोघरी दगडी कोळसा जळायचा. त्याची राख आणि घरातला कचरा गावाबाहेरच्या खड्ड्यांत जायचा. सोडा, बिअर, औषधं, लोणची, शाई असं सगळं बाटल्यांतून विकलं जायचं आणि रिकामी बाटली बऱ्याचदा फेकली जायची. मऊ राखेत ती अख्खी टिकायची. १९६०-७० च्या दशकांत लोकांना या खड्ड्यांचा नाद लागला आणि छंद वाढला.

आपल्याकडे बाटली फेकत कोण होतं? आपल्याकडे बाटली हे भांडं होतं. रॉकेल आणायला बाटली, गोडं तेल आणायला बाटली. डॉक्टरकडे जाताना घरून बाटली न्यायची, कंपाउंडर तीत लाल औषध भरून बाहेरून कागदाची कातरलेली पट्टी चिकटवायचा, एका खाचेला एक डोस. आपल्या आजी-आजोबांना विचारा, ते सांगतील. दारोदार ‘बाटलीऽऽ’ म्हणून ओरडत फिरणारे होते. बाटलीवाला हे पारशी आडनाव काही उगाच आलेलं नाही. गोटीसोड्याची बाटली तर दुकानदार हातातून सोडायचा नाही. तिथेच उभं राहून पी आणि बाटली ठेवून जा.

या गोटीसोड्याच्या बाटलीची करामतही सांगण्यासारखी आहे. हायरम कॉड नावाच्या इंग्रजाने १८७२ च्या सुमारास तिचं पेटंट घेतलं. मानेत काचेची गोटी आणि वर रबराची कडी. बाटली उलटी करून भरायची, मग आतल्या वायूच्या दाबाने गोटीच बूच होऊन बसते. अंगठ्याने दाबली की ‘फट्’ करून खाली येते आणि मानेतल्या चिमट्यात अडकते. इंग्लंडमध्ये ती कधीच संग्रहात गेली, आपल्याकडे अजून गाड्यावर मिळते. मान फोडलेली बाटली उकिरड्यात का सापडते, तेही उघड आहे. गोटीसाठी पोरांनी ती फोडलेली असते. इंग्लंडच्या पोरांनीही तेच केलं. पोरं सगळीकडची सारखीच.

तर मुद्दा असा, की आपल्या गावच्या उकिरड्यात फुटकी काच सापडणं साहजिक आहे. अख्ख्या बाटल्या, त्याही एका जागी एकेचाळीस, सापडणं साहजिक नाही. तिथे आम्ही थांबायला हवं होतं, विचारायला हवं होतं. आम्हाला तेवढी अक्कल नव्हती.

दिवाळीला आजी हैदराबादला आली. मी कौतुकाने तिला फोनवरचा फोटो दाखवला. तिने चष्मा वर-खाली केला आणि म्हणाली, “अगंबाई, ह्या तर अत्तरवाल्याच्या!”

आजी तेव्हा आठ वर्षांची होती. वाड्यामागच्या गल्लीत एक अत्तर विकणारं मुसलमान कुटुंब राहायचं. त्यातला म्हातारा बाजाराच्या दिवशी पेटी घेऊन बसायचा आणि पोरं जमली की कापसाचा फाया अत्तरात बुडवून प्रत्येकाच्या कानात खोचायचा. आजी म्हणाली, “रिकामी बाटली मागायचो आम्ही बाहुलीसाठी. कधी दिली नाही त्यानं. म्हणायचा, बेटी, हे पुन्हा भरायचंय.” मी विचारलं, मग ते लोक कुठे गेले? ती थोडा वेळ गप्प बसली. “गेले की पोलिस ॲक्शनात. पुन्हा कुठं आले?”

हैदराबादमध्ये राहणाऱ्यांना पोलिस ॲक्शन हा शब्द समजावून सांगायला नको. आपल्यापैकी ज्यांची मुळं मराठवाड्यात आहेत, त्यांच्या घरांत रझाकारांच्या गोष्टी हमखास असतात. माझ्याही घरात आहेत. १३ सप्टेंबर १९४८ ला भारतीय फौजा निजामाच्या राज्यात शिरल्या आणि १७ तारखेला संस्थान शरण आलं. त्यानंतरच्या दिवसांत काही जिल्ह्यांत मुसलमान वस्त्यांवर जे गुदरलं, ते मात्र आपल्या घरांतल्या गोष्टींत क्वचितच येतं. पंडित सुंदरलाल यांच्या समितीने तेव्हा संस्थानात फिरून जो अहवाल दिला, त्यात जास्त झळ बसलेल्या जिल्ह्यांत नांदेडचंही नाव आहे. माझ्या आजोळी नेमकं काय झालं, हे आजीला माहीत नाही. आठ वर्षांच्या मुलीला मोठ्यांनी सांगितलं नसेल.

आता तुम्हीच बघा. जो माणूस एक रिकामी बाटली पोरीच्या हाती देत नव्हता, त्याच्या एकेचाळीस बाटल्या उकिरड्यावर कशा आल्या? घाईघाईने निघताना ओझं नको म्हणून टाकल्या? मागे राहिलेल्या घरात कुणी शिरलं आणि नको ते बाहेर फेकलं? की दहा-वीस वर्षांनी भिंत पडली आणि गावकऱ्यांनी जागा साफ केली? की आजीचीच आठवण चुकतेय आणि त्या बाटल्या अत्तरवाल्याच्या नव्हत्याच?

याचं उत्तर त्या ढिगात होतं. सगळ्या बाटल्या एकाच थरात होत्या, की वरखाली विखुरलेल्या? वर माती होती, की भिंतीचा चुना आणि कौलं? एखादी काच आगीने वितळून वाकडी झाली होती का? राख होती, हे मला पक्कं आठवतं. फावड्याने मीच ती उपसली. पण ती रोजच्या चुलीची राख होती की एका दिवसाची, एका घराची? ते मी बघितलं नाही. फुटके तुकडे तर मीच परत लोटले आणि अख्ख्या बाटल्या इतक्या स्वच्छ घासल्या की आत वासाचा कण उरला नसेल. नऊशे रुपयांत आम्ही बाटल्या विकल्या नाहीत, एका घराबद्दलचा शिल्लक राहिलेला एकमेव पुरावा विकला.

राखेचं काय एवढं, असं वाटत असेल तर आपल्याच तेलंगणातलं उदाहरण देतो. पूर्वीच्या मेहबूबनगर जिल्ह्यात उटनूर नावाचं गाव आहे. आदिलाबादचं उटनूर वेगळं. तिथे राखेचं मोठं टेकाड होतं. १९५७ साली एफ. आर. ऑल्चिन या पुरातत्त्वज्ञाने ते थराथराने खणलं. कळलं ते असं, की तो गुरांच्या गोठ्यातल्या शेणाचा ढीग होता, पुनःपुन्हा साचलेला आणि पुनःपुन्हा जाळलेला, चार हजार वर्षांपूर्वीचा. म्हणजे उकिरडाच की! आणि त्या राखेत गुरांच्या खुरांचे ठसे सापडले. विचार करा, राखेतले ठसे! माझं फावडं तिथे चाललं असतं, तर एका सकाळीत सगळे पुसले गेले असते आणि मी घरी येऊन म्हणालो असतो, ‘काही नव्हतं रे, नुसती राख.’

कचऱ्याला साक्षीदार मानणारे लोक आजच्या कचऱ्यालाही मानतात. अमेरिकेत ॲरिझोना विद्यापीठाच्या विल्यम रॅथजे यांनी १९७३ मध्ये घरोघरचा ताजा कचरा तपासायला सुरुवात केली. लोक सांगायचे त्यापेक्षा जास्त बिअरचे डबे-बाटल्या त्यांच्या कचऱ्यात निघायच्या. माणूस आठवताना थोडं स्वतःच्या बाजूने आठवतो. गावंही तशीच आठवतात. म्हणून तर आजीची आठवण आणि मागचा उकिरडा ही दोन्ही हवीत, एकाने दुसऱ्याला तपासायला.

या लेखाचा पहिला खर्डा मी मित्रांना वाचून दाखवला तेव्हा दोन आक्षेप आले. पहिला असा, “तू खणलं नसतंस तर जेसीबीने खणलं असतं. प्लॉट पडतायत सगळीकडे.” हे खरं आहे. हैदराबादच्या चारी बाजूंना गावठाणं वेंचरमध्ये जातायत, आणि ते ढीग भरावाच्या मातीबरोबर ट्रकमधून कुठल्या कुठे जातात. जेसीबी येणारच असेल तर आधी आपण पोचणं चांगलंच. पण पोचून काय करणार? जेसीबी जे करतो तेच हाताने केलं, तर फरक एवढाच की आपण बाटली तेवढी वाचवली. फोटो काढायला, खोली मोजायला आणि चार ओळी लिहायला किती वेळ लागतो? मला लागला असता एक तास. तो मी बाटल्या घासण्यात घालवला.

दुसरा आक्षेप, “आपण काय आर्किऑलॉजिस्ट आहोत का?” नाही. पण तेरचे रामलिंगप्पा लामतुरेही पदवीधर पुरातत्त्वज्ञ नव्हते. धाराशिव जिल्ह्यातलं तेर म्हणजे प्राचीन तगर, तेही तेव्हा हैदराबाद संस्थानातच होतं. लामतुरे त्याच गावचे. गावातल्या पांढरीच्या टेकाडांतून निघणाऱ्या वस्तू त्यांनी आयुष्यभर गोळा केल्या, विकल्या नाहीत. आज त्यांच्या नावाचं शासकीय वस्तुसंग्रहालय तेरमध्ये उभं आहे. गावची वस्तू गावात राहिली, म्हणून अभ्यासकांना आजही ती ‘तेरची’ म्हणून अभ्यासता येते. मी विकलेल्या बाटल्या आता कुठल्या गावच्या म्हणायच्या? एखाद्या कॅफेच्या फळीवर त्यांत मनी प्लांट लावला असेल.

कायदाही थोडा माहीत असू द्या. १८७८ पासून ट्रेझर ट्रोव्ह कायदा आहे. जमिनीत दडलेली दहा रुपयांहून अधिक किमतीची वस्तू सापडली तर कलेक्टरला कळवावं लागतं. फेकलेली बाटली ‘दडलेली’ ठरते का, यावर वकील भांडतील. १९७२ च्या पुरावस्तू कायद्यात शंभर वर्षांची अट आहे. म्हणजे ऐतिहासिक महत्त्वाची जुनी बाटलीही त्यात येऊ शकते, आणि अशी वस्तू परवान्याशिवाय परदेशी पाठवता येत नाही. विलायतेतल्या किमतीची स्वप्नं पाहणाऱ्यांनी हे आधी वाचावं. आणि संरक्षित जागी तर फावडं लावायचंच नाही. गोवळकोंडा असो की संगारेड्डीकडचं सातवाहनकालीन कोंडापूर. आयटीवाल्यांचं कोंडापूर नव्हे, ते खणून झालंच आहे.

मग करायचं काय? मला वाटतं, आपल्या साहित्य मंडळाला हे काम शोभेल. बाटल्या गोळा करण्याचं नव्हे, गोष्टी गोळा करण्याचं. आपण लिहिणारी माणसं आहोत. सुट्टीत प्रत्येक जण कुठल्या ना कुठल्या गावी जातो, कुणी देगलूरला, कुणी बिदरला, कुणी उदगीरला. गावात पडीक उकिरडा असेल तर आधी खणू नका. आधी गावातल्या सगळ्यात म्हाताऱ्या बाईला विचारा, इथे मागे कोण राहायचं. जागेच्या मालकाची परवानगी घ्या. पावसाने उघडं पडलेलं बघा, त्याचा फोटो काढा, शेजारी पट्टी ठेवून. उचलायचंच असेल तर कशाबरोबर आणि किती खोलीवर होतं ते तिथेच वहीत लिहा. फुटका तुकडाही तितकाच मोलाचा माना. घासू नका. हातमोजे आणि बूट घाला, कारण काच आणि गंजलेला पत्रा छंद बघून कापत नाही. आणि ताज्या कचऱ्यात तर शिरूच नका. तिथे पोटासाठी वेचणारी माणसं असतात. आपली हौस त्यांच्या रोजीच्या मध्ये यायला नको.

बाटलीचं वय वाचायलाही शिकता येतं. साच्याची उभी रेघ ओठाच्या खालीच थांबली असेल, तर ओठ हाताने घडवलेला असण्याचा संभव जास्त. रेघ ओठावरून पार गेली असेल तर बाटली यंत्राची, आणि पूर्ण स्वयंचलित यंत्र अमेरिकेत आलं १९०३ मध्ये. आपल्याकडे जुनी पद्धत नंतरही बरीच वर्षं चालली, तेव्हा रेघ पाहून लगेच साल सांगू नका. १९०८ मध्ये तळेगावला पैसा फंडाचा काच कारखाना निघाला, तो लोकांकडून वर्षाला एकेक पैसा गोळा करून. १९१६ मध्ये ओगले बंधूंचा निघाला, ज्यांचा प्रभाकर कंदील घरोघरी गेला. आपल्या ढिगातला प्रत्येक काचेचा तुकडा ‘इंग्रजांच्या काळातला’ म्हणून विलायती नसतो.

गेल्या महिन्यात मी पुन्हा त्या बाजारात गेलो. दुकानदाराकडे बाटल्या नव्हत्या. कधीच गेल्या, म्हणाला. कुणाला विकल्या ते त्याच्या लक्षात नव्हतं. मी त्याला काय बोलणार? मलाही खोली लक्षात नव्हती.

आजोळच्या ढिगाचा अर्धा भाग अजून तसाच आहे. मामेभावाला फोन करून सांगितलंय, हात लावायचा नाही. या मे महिन्यात मी फावडं नेणार नाही. वही नेणार आहे, आणि आजीला नेणार आहे. त्या गल्लीत अत्तरवाल्याचं दार नेमकं कुठे होतं, एवढं तरी ती मला दाखवेल. ज्यांना यायचंय त्यांनी सांगा. जागा आहे, फक्त पाहून लिहिणारी माणसं हवीत.